पलीकडच्या बाकावरून

"कै एत्तु," असा पलीकडच्या बाकावरून आवाज आला आणि मुरूमच्या पाचही पोरींचे हात एकदम वर गेले.

आरिफ कोचनं कपाळावर हात मारून घेतला. पोरी त्याच्या होत्या, आवाज मात्र त्याचा नव्हता. तो समोरच्या संघाच्या, म्हणजे नाशिकच्या कोचचा होता. पहिल्या क्वार्टरमध्ये हे चौथ्यांदा घडलं होतं आणि धाराशिवच्या मैदानावरचे प्रेक्षक आता उघड उघड हसायला लागले होते.

झालं होतं असं, की नाशिकच्या बाकावर बसलेल्या शांताक्का मूळच्या मुरूमच्या. गावातल्या शाळेच्या मैदानावर त्यांनी बारा वर्षं याच पोरींना बास्केटबॉल शिकवला, तोही कन्नडमध्ये. कर्नाटकाची हद्द जवळ, आक्कांच्या घरची भाषा तीच, आणि पोरींनाही ती येत होती. मुरूमचा संघ राज्याच्या व्यावसायिक लीगमध्ये पोचला तो आक्कांच्याच जिवावर. यंदा नाशिकवाल्यांनी त्यांना मानानं बोलावून नेलं आणि त्यांच्या जागी सास्तूरचा आरिफ आला. गाठीला कोचिंगचा डिप्लोमा, हातात टॅब आणि टॅबवर रंगीबेरंगी बाण. कन्नडमधलं मात्र त्याला ओ का ठो कळत नव्हतं.

हंगाम कसा गेला ते न विचारलेलं बरं. तेरा सामन्यांत अकरा पराभव. पोरी बाण बघायच्या, माना डोलवायच्या आणि मैदानात जाऊन भलतंच काहीतरी करायच्या. आठ संघांतला शेवटचा संघ लीगबाहेर जाणार होता. नाशिकचं काय, ते केव्हाच पहिल्या नंबरानं पुढच्या फेरीत गेले होते, त्यांना आजच्या निकालाचं सोयरसुतक नव्हतं. मुरूमला मात्र जिंकणं भाग होतं. संघाचे अध्यक्ष मल्हारराव सकाळीच आरिफला बाजूला घेऊन म्हणाले होते, "सर, माणूस तुम्ही लई चांगले. पर आज हरलो तर आपला रामराम समजा."

आरिफनं टाइमआउट घेतला.

"तुमचा कोच कोण हाय?" त्यानं पोरींना विचारलं.

"तुम्हीच की, सर," कर्णधार दैवशाला म्हणाली.

"मग तिकडचं ऐकायचं न्हाय. माझ्याकडं बघायचं."

पोरी गुणाच्या. त्यांनी मुकाट ऐकलं. त्याच्याकडं बघत खेळल्या, बाणाबरहुकूम पळाल्या, आणि तिसरा क्वार्टर संपला तेव्हा मुरूम बारा गुणांनी मागं होतं. पहिला क्वार्टर बरोबरीत सुटला होता, हे आरिफला आत्ता कुठं आठवलं. पोरी आक्कांचं ऐकत होत्या तोवर सगळं ठीक होतं. त्याला मनातून फार लागलं. आठ महिने घसा कोरडा केला त्याचं हे फळ, आणि मल्हारराव तर पहिल्याच रांगेत बसून घड्याळ बघत होते.

मग त्याच्या डोक्यात एक विचार आला. कोचला शोभणारा नव्हता, पण आता शोभेची वेळच उरली नव्हती. त्यानं टॅब पिशवीत टाकला आणि पोरींना जवळ बोलावलं.

"आक्का त्यांच्या पोरींना काय सांगतात, ते तुम्हाला कळतंय?"

दैवशालानं शेजारच्या तबस्सुमकडं पाहिलं. तबस्सुमनं खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. "कळतंय की, सर," दैवशाला म्हणाली. "समदं कळतंय."

"मग त्या सांगतील तिथं नाशिकच्या पोरींच्या आधी तुम्ही पोचायचं. त्या आक्कांच्या हाताखाली आठ महिने हायत, तुम्ही बारा वर्षं व्हता. जमंल?"

"जमंल, सर," दैवशाला म्हणाली आणि तिनं घाम पुसायच्या निमित्तानं तोंडावर नॅपकिन धरला.

पुढची दहा मिनिटं मुरूमच्या लोकांना जन्मभर पुरतील. "एडक्के," आक्का ओरडल्या, की दैवशाला डावीकडं सुसाट निघायची आणि चेंडू जाळीतून खाली यायचा. "निल्लु," की तबस्सुम होती तिथंच थांबायची आणि रिबाउंड अलगद तिच्या हातात पडायचा. नाशिकच्या पोरी आपल्या कोचकडं बघायच्या, मग एकमेकींकडं. आपल्या डावपेचानं त्या पुरत्या गांगरल्यात, असं आरिफनं मनाशी धरलं. बारा गुणांचे सात झाले, साताचा एक झाला. शेवटच्या सहा सेकंदांत आक्का साडीचा पदर कमरेला खोचून उभ्याच राहिल्या आणि एक लांबलचक वाक्य ओरडल्या. तबस्सुमनं मागं न बघता पास दिला, दैवशालानं तो झेलून तसाच फेकला, आणि मुरूम एका गुणानं जिंकलं.

मल्हारराव धावतच मैदानात आले. त्यांनी आरिफला कडकडून मिठी मारली. "सर, पुढचा हंगाम बी तुमचाच. असलं डोकं आमी कुठं बघितलं न्हाय."

आरिफ हसला, पण त्याला आतून चोरट्यासारखं वाटत होतं. दुसऱ्याच्या सूचना पळवून जिंकायचं, हे त्याच्या रक्तात नव्हतं. पोटात ठेवून तो घरी गेला असता तर त्याला जेवण गेलं नसतं. म्हणून तो सरळ आक्कांकडं गेला. आक्का बाकावर बसून दैवशालाची सुटलेली वेणी घालून देत होत्या.

"आक्का, माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "तुम्ही तुमच्या पोरींना सांगत व्हता, ते आमच्या पोरींनी उचललं. त्यांचा काही गुन्हा न्हाय, मीच त्यांना तसं सांगितलं व्हतं."

आक्कांनी वेणीला शेवटचा पीळ दिला, रबर लावलं आणि मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

"कमाल हाय तुमची, सर," त्या म्हणाल्या. "नाशिकच्या पोरींना कन्नड कुठं येतंय?"