टेस्ट चालून राहिली

"ओके म्हण आणि पाठव, मोनाली," उत्तरा मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"मॅडम, इतवारीतली टेस्ट चालून राहिली अजून," मोनालीनेही तिसऱ्यांदा तेच सांगितलं. "तेवढी होऊ द्या."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजता टूल ग्राहकाच्या हवाली करायचं होतं. भिंतीवरच्या पडद्यावर ग्राहकाची माणसं येऊन बसली होती. आवाज बंद ठेवला होता, पण चेहरे दिसत होते आणि ते काही गोड नव्हते. आज तारीख हुकली तर काम नागपूरहून हैदराबादला जाईल, असं त्यांनी आधीच सुनावलं होतं. टूल तपासून ओके देणं हे मोनालीचं काम, आणि त्यात तिची नोकरी कच्ची. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मॅडमच ठरवणार होत्या. तिकडे सक्करदऱ्यात तिच्या आईने मात्र पोरगी कायम झाली म्हणून गल्लीभर सांगूनही टाकलं होतं.

हे टूल म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमची नाडी पाहणारा वैद्य. प्रोग्रॅम कुठे रखडतो, कशात वेळ घालवतो, ते मोजून सांगायचा. जे मोजायचं त्याला इव्हेंट म्हणायचं, आणि प्रत्येक इव्हेंटचा एक ठरलेला आकडा. आकडा चुकला की टूल भलतंच मोजणार आणि वर छातीठोकपणे सांगणार. मग समोरचा माणूस धडधाकट प्रोग्रॅम मोडून बसणार. म्हणून आपोआप चालणाऱ्या टेस्ट होत्या. टूलने बरोबर आकडा लावला तर हिरवं, नाहीतर लाल.

ऑफिसातल्या टेस्ट सगळ्या हिरव्या झाल्या होत्या. उरली होती नव्या इव्हेंटची एकच. ती नुसता आकडा बघत नसे, खऱ्या मशीनवर खरोखर मोजून बघे. ते मोठं मशीन कंपनीने भाडं कमी म्हणून इतवारीत, भांड्यांच्या एका गोडाऊनच्या तळघरात ठेवलं होतं. टेस्ट संपली की निकाल आपोआप ऑफिसात दिसायचा, तोवर काही नाही. स्वानंद तिकडेच गेला होता. मघाशी मोनालीने त्याला फोन लावला तेव्हा तळघरात धड रेंज नव्हती, पण तुटक आवाजातून टेस्ट चालून राहिली एवढं कळलं आणि फोन कटला. स्वानंद पक्का पुण्याचा. नागपुरात आल्यापासून तो वाक्यावाक्यात "का"च्या जागी "काहून" घालायचा आणि सगळे त्याला हसायचे. त्याच्या तोंडी आता "चालू आहे"च्या जागी "चालून राहिली"सुद्धा आलं म्हणून मोनालीला त्या घाईतही गंमत वाटली होती.

नवा इव्हेंट बसवला होता दुर्गेशने. मोनालीच्याच शेजारी बसायचा. ती आली तेव्हा तिला सगळं काम त्यानेच शिकवलं होतं.

"काहून अडून राहिली वं?" तो हळूच म्हणाला. "हिरवं हाये ना सगळं. तेवढ्यावर देत असतो आपण."

"देतो, अन् मग शिव्या खातो."

"नोकरी जाईन तुही."

"जाईन तं जाईन," ती म्हणाली. धाडस वगैरे काही नव्हतं हे. तिला नोकरी जाण्याची भीती होतीच, आपल्या ओकेवर खोटं मोजणारं टूल बाहेर जाण्याची त्याहून जास्त होती.

मॅडमनी स्वतः स्वानंदला फोन लावून पाहिला. लागेना. "पाचला मी पाठवणार," त्या म्हणाल्या. "तुझ्या ओकेशिवाय. आणि मग तुझं काय करायचं ते बघते."

मोनालीने इतवारीचा निकाल आला का ते पुन्हा एकदा पाहिलं.

दुर्गेश पाणी प्यायला. थोड्या वेळाने पुन्हा प्यायला.

"किती झाली असन टेस्ट?"

"वेळ पाहून तं अर्ध्याच्या वर असन."

"अन् लाल आली तं?"

"आली तं आली. रात्रभर बसू अन् सुधारू. तू हायेस ना."

या शेवटच्या वाक्याने त्याचा चेहरा पडला. तो उठला, बसला, पुन्हा उठला.

"मॅडम, नका पाठवू," तो म्हणाला. "लालच येईन ते."

मॅडम वळल्या.

"त्या इव्हेंटचा आकडा मले जुळतच नव्हता. तारीख जवळ आली होती. मी आपल्या ऑफिसातल्या टेस्टमंधी आकड्याच्या जागी स्टार टाकला."

स्टार म्हणजे काहीही चालेल. टूलने कोणताही आकडा लावावा, टेस्ट हिरवीच होणार. इतवारीतल्या मशीनवर मात्र ही मखलाशी चालणारी नव्हती, हे दुर्गेशला पक्कं ठाऊक होतं. खोलीत कोणी कोणाकडे बघेना. मोनालीला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्यासाठी फार वाईटही वाटलं.

मॅडमनी पडद्याचा आवाज सुरू केला आणि काही न लपवता सांगून टाकलं. तिकडचे मोठे साहेब म्हणाले की चूक आमच्या हाती येण्याआधी तुम्ही सांगितलीत, हे बरं केलंत. उद्या संध्याकाळपर्यंत द्या.

पडदा काळा झाला. दुर्गेश मान खाली घालून कामाला लागला. मॅडम मोनालीच्या खुर्चीपाशी आल्या. "तू कायम झालीस असं समज," त्या म्हणाल्या. "आज त्या इतवारीतल्या टेस्टने वाचवलं आपल्याला."

दार ढकलून स्वानंद आत आला. शर्ट घामाने भिजलेला, केसांत गोडाऊनची धूळ.

"काहून गप्प आहात सगळे?" तो म्हणाला. "इतवारीत सकाळपासून लाइट नाही, मशीन सुरूच झालं नाही."

"अन् टेस्ट?" मोनालीने विचारलं. "तू तं फोनवर म्हणाला, चालून राहिली."

"चालून कुठे? मी म्हणालो, राहिली. राहिली म्हणजे राहूनच गेली."