खालच्या कप्प्यातला खोका

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर उत्तरेची माणसं बोग्स बीअर पितात आणि दक्षिणेची कॅस्केड. उत्तरेतल्या नेव्हिलनं तर उभा जन्म बोग्सच्या बाटल्या भरण्यात घालवला होता. त्याचा एकुलता एक मुलगा लॉकलन दक्षिणेत जाऊन कॅस्केडच्या कारखान्यात कामाला लागला, तेव्हा बाप कडाडला, "तिकडची बीअर पिणाऱ्यानं माझ्या दारात यायचं नाही!"

लॉकलननंही ते खरं धरलं. सात वर्षांनी तो आला, तो बापाला माती द्यायलाच.

दफन उरकून माणसं अंगणात जमली. लॉकलन शेडमधल्या फ्रीजमधून बीअर आणायला गेला. वर सगळ्या बोग्सच्या बाटल्या होत्या, आणि खालच्या कप्प्यात कॅस्केडचा अख्खा खोका.

"क्लॅरीकाका, हा कुणाचा?" त्यानं मागोमाग आलेल्या शेजाऱ्याला विचारलं.

"तुझाच की. दर नाताळाला ताजा आणायचा. म्हणायचा, पोरगं आलंच तर त्याला शिळी कशी द्यायची?"

लॉकलनला खोक्याला हात लावायचा धीर होईना.

"आणि नवा आला की आधीचा खोका माझ्या गळ्यात मारायचा," म्हातारा नाक पुसत म्हणाला. "सात वर्षं तुझ्या वाटची बीअर मी पितोय रे."