मोकळा भात

चौथ्या रविवारीही सुशीचा रोल चटईवरच फुटला. तांदूळ बदलून झाला, पाणी वाटीने मोजून झालं, बसमध्ये व्हिडिओ बघून बघून पाठ झाले, तरी शीत शिताला चिकटेना. एवढीशी बांबूची चटई, पण तिच्यासमोर मी हरले. नवरा नेहमीसारखा चमचा घेऊन बसला. "भात मोकळा झालाय छान," म्हणाला. माझं डोकंच फिरलं. "चार रविवार पाण्यात गेले माझे. साधा भात जमत नाही मला." तो पाणी आणायला उठला, तशा सासूबाई जवळ सरकल्या. "जमेल गं," त्या हळूच म्हणाल्या. "तोवर मी आहे ना. तू भात निवत ठेवून अंघोळीला गेलीस की त्या चिकट गोळ्यात तेल घालून मीच मोकळा करते. चारही वेळा केला. त्याला पत्ताही नाही." मी चटई गुंडाळायला घेतली. ती मात्र घट्ट गुंडाळली गेली.