हजेरी

"सर, समीक्षाचं नाव तेवढं कमी करा. रोज दुपारी मेसेज येतो, 'आपली मुलगी आज गैरहजर आहे.' तिची आई वाचते आणि ताटावरून उठते."

डेंग्यूनं मुलगी गेल्याला दोन आठवडे झाले होते. वडील मोबाइल पुढे धरून स्टाफरूमच्या दारात उभे होते.

कुलथे सर तासिका तत्त्वावर शिकवत. मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून तर्कशास्त्र घेणारी दहा मुलं असतील तरच वर्ग चालणार होता, आणि समीक्षाला धरून बरोबर दहा होती.

"घरात सारखी वाद घालायची," वडील म्हणाले. "म्हणून तुमचाच विषय घेतला तिनं."

सरांनी मान खाली घातली. "विद्यापीठाची तपासणी होईपर्यंत नाव राहू दिलं तर चालेल? नाहीतर वर्ग बंद होईल. माझी नोकरीही जाईल."

वडिलांनी मोबाइल खिशात टाकला. "मग रोज तिची हजेरी लावत चला," एवढंच म्हणून ते निघाले.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला नाही. दुपारभर फोन हातात घेऊन बसलेल्या आईनं संध्याकाळी वडिलांना विचारलं, "आज कॉलेजला गेली का हो ती?"