शैलजाची कॉफी

"अहो, भरलंत का?" शैलजानं बाथरूममधून विचारलं.

दिगंबरनं मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि एनिमाचं स्टीलचं भांडं बायकोच्या हाती दिलं. कॉफीच्या एनिमानं अंगातलं विष निघतं, असं तिनं एका व्हिडिओत बघितल्यापासून दीड महिना रोज हेच चाललं होतं.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली, चेहरा उजळलेला. "छातीतली गाठ हाताला लहान लागतेय. सोमवारचं ऑपरेशन नकोच मला." तिनं हॉस्पिटलला फोन लावला.

दिगंबरनं ओट्यावरचा कप उचलला. जन्मभर चहाच पिणारा माणूस तिच्यासमोर काळी, कडू कॉफी पिऊ लागला.

"हे काय?"

"तुझी कॉफी. पहिल्या दिवशी तू चक्कर येऊन पडलीस, तेव्हापासून रोज मीच पितोय. तुझ्या भांड्यात कोमट पाणी असतं, रंगापुरती चमचाभर कॉफी."

शैलजाचा हात पुन्हा गाठीवर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. फोनवर कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

"सोमवारी," त्याच्याकडे न बघता ती फोनवर म्हणाली, "किती वाजता यायचं?"