खंडेनवमीची फ्लॉपी

काकूंनी रेशमी रुमाल सोडून फ्लॉपी शर्वरीच्या हातात दिली. दिवंगत सरांनी शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमची ही एकमेव प्रत. ती उतरवून घ्यायला शर्वरीने तेवढाच जुना कॉम्प्युटर सोबत आणला होता.

तिने फ्लॉपी उजेडात धरली. खाचेतून दिसणाऱ्या चकतीवर हळदकुंकवाचा थर होता, आणि त्याखाली चरेच चरे. आता यातलं एक अक्षरही निघणार नव्हतं.

"हे गेल्यापासून दर खंडेनवमीला पूजा करते हिची," काकू म्हणाल्या. "आतली चकती फिरवून फिरवून ओल्या फडक्यानं पुसते, मग हळदकुंकू. एक वर्ष चुकवलं नाही. लाव ना आता."

शर्वरीने कॉम्प्युटरची वायर जोडली. फ्लॉपी आत सरकवणार, तोच "थांब गं," म्हणत काकू करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेऊन आल्या.

शर्वरीने फ्लॉपी त्यांच्यापुढे धरली.