पावाच्या कडा

“काका, या कापलेल्या कडांचं तुम्ही काय करता?”

लतिकाने विचारलं आणि मागे दोघी मैत्रिणी तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसल्या. पैज त्यांनीच लावली होती. पैसे अख्ख्या पावाचे घेतो आणि कडा कापून स्वतःकडे ठेवतो, म्हणजे काय! आहे का हिंमत विचारायची? वक्तृत्वात पहिली आल्यापासून लतिकाकडे हिंमत सोडून दुसरं काही नव्हतंच.

मुंबईतलं सगळ्यात भारी सँडविच कुठलं, याचा निकाल तिघी मिळून लावत होत्या. एक सँडविच, तीन वाटे. पैसे मृणालिनीचे, कारण तिचे बाबा बँकेत. गिरगावचं बाद झालं होतं, बीट जाडजूड आणि लोणी नावाला. दादरचं बरं होतं, पण तो माणूस टोमॅटो असा कापायचा की चकतीतून पलीकडचा रस्ता दिसावा. आणि आज परळच्या या गाडीवर पहिल्याच घासाला तिघींचं एकमत झालं. चटणी! हिरवीगार, झणझणीत, आणि मागून हळूच येणारा तो आंबटपणा लिंबाचा नव्हताच.

“आमसूल आहे,” लतिका म्हणाली होती. “आमच्याकडे असंच घालतात.”

“हो, सगळं जग तुमच्या कोकणातूनच आलंय,” मृणालिनी म्हणाली होती, आणि पहिला नंबर देऊन मोकळी झाली होती.

गंगाधर सँडविचवाल्याने सुरी फडक्याला पुसली.

“कडा होय? एक बाई नेते. पहाटे येऊन बटाटे सोलते, पाट्यावर चटणी वाटून देते. तिला देतो.”

“आणि पैसे?”

“पैसे कसले? पिशवीभर कडा नेते की रोज. नवरा गिरणीच्या संपात घरी बसलाय. अशा बायांना सध्या दारात उभं कोण करतंय? उपकारच म्हण.”

त्याने मानेनेच गाडीच्या खिळ्याकडे खूण केली. तिथे पिशवी लटकत होती. निळी. लतिकाला आखूड झालेल्या शाळेच्या स्कर्टची, खिसा तसाच ठेवून शिवलेली.

लतिकाच्या तोंडातला घास फिरेना. रोज संध्याकाळी आई कडा कुस्करून त्यांना कांदा-मिरचीची फोडणी द्यायची. कडा ओळखीच्या बेकरीतल्या, असं ती सांगायची. आणि सकाळच्या कामाचा पगार? तो साठतोय, असं सांगायची.

“तुमची गाडी या चटणीवर चालते,” लतिका म्हणाली. आवाज एकदम स्पर्धेतला निघाला. फूटपाथवरच्या माणसांनी वळून पाहिलं. “आणि ती वाटणारीला तुम्ही काय देता, तर कचऱ्यात टाकायचं ते?”

“ए पोरी, खायचं तर खा, नाहीतर बाजूला हो. गिऱ्हाईकं उभी आहेत.”

“उद्यापासून ती येणार नाही.”

“तू कोण गं सांगणारी?”

मागचं हसू थांबलं होतं. मैत्रिणी ऐकत होत्या. ऐकू देत.

“मुलगी तिची.”

तिने खिळ्यावरून भरलेली पिशवी काढली. “ही आजची मजुरी. नेतेय.”

“लते, तुझा वाटा राहिलाय,” मृणालिनी हळूच म्हणाली.

“त्यालाच दे. उपकार म्हण.”

डिलाईल रोडच्या चाळीत ती पोचली तेव्हा बाबा दारातच बसून शेजारच्या दौलतकाकांना समजावत होते. “कामावर जायचं नाही म्हणजे नाही, दौलत. पुरी मजुरी ठरल्याशिवाय गेटच्या आत पाऊल ठेवायचं नाही.” आतमध्ये कांदा चिरून तयार होता, स्टोव्हवर रिकामी कढई होती, आणि आई चपला घालून कडा आणायला परळला निघाली होती.

तिची नजर पिशवीवर गेली.

“ही तुझ्याकडे कशी गो?”

“गंगाधरच्या गाडीवरून आणली.” लतिकाने पिशवी बाबांच्या पुढ्यात ठेवली. “बेकरीबिकरी काही नाही, बाबा. आई पहाटे त्याचे बटाटे सोलते, चटणी वाटते, त्याचा हा पगार. नुसत्या कडा. पैसा एक नाही.”

दौलतकाकांना अचानक काहीतरी आठवलं. ते उठून गेले.

बाबांनी पिशवीकडे पाहिलं, मग आईकडे. “मंजुळा, फुकट राबतेस? गिरणी कामगाराची बायको असून?”

“फुकट कुठे?” आई म्हणाली. “रोज रात्री खाता ना तुम्ही.”

बाबा पिशवीवरचा खिसा उगाच सरळ करू लागले. सभेत तासभर बोलणारा माणूस! आई लतिकाकडे वळली.

“मोठी आली शहाणी. आणि उद्या काय शिजवू? सांग ना. तुझं वक्तृत्व?”

लतिका मागे हटली नाही. एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघून ती ताठ उभी राहिली.

“उद्यापासून आई संपावर आहे, बाबा. पुरी मजुरी ठरेपर्यंत. मालकाला मी सांगून आलेय.”